धैवत सुटला

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या एका आडगल्लीत, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई पेटी आणि गाणं शिकवायच्या. त्यांच्या हाताखालची मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसायची आणि सहसा चांगल्या गुणांनी पास व्हायची. बाई तोंडावर कौतुक करत नसत. सूर लागला तर 'हं' म्हणायच्या, नाही लागला तर 'पुन्हा' म्हणायच्या. त्या एका 'हं'साठी मुलं घरी तासन् तास पलटे घोटायची.

एका जूनमध्ये कल्याणहून एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, उजवा पाय ओढत चालायचा. डावा हात मात्र चलाख होता. तीन मजले चढून येईपर्यंत तो घामाघूम झाला होता, पण आत आल्या आल्या त्याची नजर पेटीवर गेली आणि तिथेच राहिली.

आई म्हणाली, "याला आधी ठाण्याला एका क्लासमध्ये घातलं होतं. माणसं प्रेमळ होती, कधी कोणी रागावलं नाही. गुरुपौर्णिमेला सगळी मुलं वाजवायची आणि शेवटी याला पेटीवर नुसता सा दाबायला सांगायचे. टाळ्या सगळ्यात जास्त यालाच मिळायच्या. तरी दोन वर्षांनी म्हणाला, मी तिथे जाणार नाही."

"का रे?" बाईंनी मुलालाच विचारलं.

त्याला बोलायला वेळ लागायचा. बाई थांबून राहिल्या. तो म्हणाला, "तिथे... माझं चुकलं तरी... कोणी सांगायचं नाही."

बाईंनी त्याला क्लासमध्ये घेतलं. पण त्याचं हे वाक्य त्यांच्या कानावर पडलं तरी मनापर्यंत पोचलं नव्हतं. इतर मुलांचे अलंकार चालू असताना त्या त्याला शेजारी बसवायच्या, भाता स्वतः हलवायच्या आणि त्याच्या डाव्या हाताला सा आणि प एवढ्याच दोन पट्ट्या द्यायच्या. तो त्या दाबायचा. बाई म्हणायच्या, "छान." दुसऱ्या आठवड्यातही सा आणि प, पुन्हा "छान." महिना असाच गेला.

एका दिवशी मुलानं हात मांडीवर घेतला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही बाकीच्यांना छान म्हणत नाही."

बाई गप्प झाल्या. खरंच होतं ते. ज्याच्याकडून काही अपेक्षा आहे त्याला त्या 'पुन्हा' म्हणायच्या. या मुलाला त्यांनी महिनाभरात एकदाही 'पुन्हा' म्हटलं नव्हतं. म्हणजे तो क्लासच्या खोलीत बसत होता, पण क्लासमध्ये नव्हता. ठाण्याला त्याच्या वाट्याला एक सूर आला होता आणि इथे दोन आले होते, फरक तेवढाच.

दुसऱ्या दिवशी बाई लोकलनं कल्याणला गेल्या. पारनाक्याजवळ एक काका पेट्या दुरुस्त करायचे. कल्याण गायन समाजाच्या मैफली लहानपणापासून ऐकून त्यांचे कान तयार झालेले. एखादा सूर किती उतरलाय हे ते पेटी उघडायच्या आधी सांगत. बाई त्यांना म्हणाल्या, "काका, एका हातानं वाजवता येईल अशी एखादी पेटी मिळेल का? विजेवर भाता चालणारी वगैरे?"

"मुलाचा कुठला हात चालतो?" काकांनी विचारलं.

"डावा."

काकांनी समोरची पेटी फिरवली आणि भात्याची उजवी बाजू दाखवली. "बाई, इतकी वर्षं पेटी वाजवताय. ही कडी कधी उघडलीत?"

भात्याला दोन कड्या होत्या. डावीकडची रोज उघडणारी, वापरून गुळगुळीत झालेली. उजवीकडच्या कडीवर गंज चढला होता. काकांनी तिच्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, जरा हलवली आणि भाता उजव्या बाजूनं उघडला.

"डाव्या हातानं वाजवणारा येऊ शकतो हे पेटी बनवणाऱ्याला ठाऊक होतं. विसरले ते शिकवणारे," काका म्हणाले. "आणि भाता हातानंच मारायचा हे तरी कुठे मूळचं आहे? पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ती पायांनी चालायची. साहेब खुर्चीवर बसायचा, पाय मोकळे असायचे. आपण बसतो जमिनीवर. मांडी घातली की पाय अडकले. म्हणून कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांनी भाता पायाकडून काढून हाताला दिला. पुढे आपल्या संगीत नाटकवाल्यांना दोन्ही हात मोकळे हवे झाले, तर त्यांनी पायांनी चालणारा ऑर्गन आणून रंगमंचापुढे ठेवला. गंधर्व नाटक मंडळीचा ऑर्गन तर गाजलेला. मला सांगा, मांडी घालून बसणाऱ्यांसाठी एवढी पेटी बदलली, त्याला कोणी सवलत म्हणालं का?"

बाईंकडे उत्तर नव्हतं.

"पेटी पहिल्यापासून बसणाऱ्याकडे बघून बदलत आली आहे," काका म्हणाले. "या पोराचं बसणं निराळं, एवढंच. उद्या त्याला घेऊन या. त्याचा हात कुठवर येतो ते बघू."

मुलगा आला. त्याचा उजवा हात पेटीवरून पलीकडच्या भात्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून काकांनी पेटी एका ठेंगण्या चौरंगावर तिरकी बसवली. भात्याला रुंद कातडी पट्टा लावला. मिटलेली मूठ त्या पट्ट्यात सहज जायची, मग बोटं उघडण्याची गरजच उरली नाही. खांद्यापासून हात हलला की भाता हलायचा. पट्ट्यांवर डावा हात. पहिला सूर निघाला तो थरथरत, मध्येच दम तुटलेला. पण भाताही त्याचा होता आणि सूरही त्याचा.

घरी येऊन बाईंनी वही उघडली आणि आपण जे जे शिकवतो ते सगळं लिहून काढलं. मग धान्य सुपात घेऊन पाखडावं तसं एकेक पाखडायला घेतलं: यातलं सुराला लागतं काय आणि नुसतं सवयीनं आलेलं काय? मांडी घालून ताठ बसणं सवयीचं. उजवा हात पट्ट्यांवर, सवयीचा. ठरावीक पट्टीवर ठरावीकच बोट, सवयीचं, कारण हेतू एवढाच की बोटं एकमेकांत अडकू नयेत. वहीतून बघून वाजवणं सवयीचं. पाऊण तास सलग बसणं सवयीचं. पहिला धडा पांढऱ्या पट्ट्यांवर आणि शुद्ध सप्तकातच, हेही सवयीचं. मग उरलं काय? सूर स्थिर लागला पाहिजे. लय सुटता कामा नये. समेवर यायला हवं. रागात नसलेला स्वर रागात येऊ नये. ही यादी अगदी लहान निघाली. हिच्यात मात्र कोणासाठी एक ओळसुद्धा कमी करायची नाही, असं बाईंनी ठरवलं.

पुढचा धडा त्यांनी उलटा लावला. मुलाची डावी बोटं चलाख असली तरी सगळी सुटी सुटी चालत नव्हती, आणि पांढऱ्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, एक दाबताना शेजारचीही दाबली जायची. काळ्या पट्ट्या उंच आणि सुट्या. बाईंनी काळी एकचा षड्ज धरला आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर गेल्या: सा, रे, म, प, ध आणि पुन्हा वरचा सा. दुर्गा! गंधार नाही, निषाद नाही, अख्खा राग काळ्या पाचांत मावलेला. काळी तीनचा षड्ज धरला तर त्याच पाच पट्ट्यांवर भूप. पेटी शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पण गंमत म्हणून. बाईंनी त्याचा पहिला धडा केला.

मुलानं दुर्गाचा आरोह वाजवला. भाता मध्येच ढिला पडला आणि पंचम हलला.

"सूर हलतोय," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

मुलाचा चेहरा उजळला. हा शब्द ऐकण्यासाठी तो दोन वर्षं ठाण्याला आणि एक महिना डोंबिवलीला थांबला होता. त्यानं पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. दहा-बारा मिनिटांत उजवा खांदा दुखायला लागायचा, तेव्हा बाईंनी तास तुकड्यांत वाटला: थोडं वाजवणं, मग हात सोडून नुसतं गाणं किंवा हातावर ताल धरणं, मग पुन्हा पेटी. वेळ जास्त लागला. धडा मात्र तोच होता, जो इतरांना होता.

राहिला जिना. बाईंनी सोसायटीच्या सभेत तळमजल्याची रिकामी पडलेली खोली मागितली. आधी कुरकुर झाली. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मी गुडघ्यांमुळे चार वर्षं वर भजनाला आले नाही. क्लास खाली आला तर मीही येईन." खोली मिळाली. मुलासाठी मागितलेल्या खोलीत आजींच्या भजनालाही जागा झाली.

क्लास खाली आल्याचं कानोकानी कळत गेलं. कळव्याहून एक अंध मुलगी येऊ लागली. तिच्यामुळे बाईंना स्वतःच्याच एका सवयीची जाणीव झाली. त्या शिकवताना सारखं 'असं बघ', 'हे इथून इकडे' म्हणायच्या. मुलीला त्यातून काहीच मिळत नव्हतं. मग त्या नीट सांगू लागल्या: "काळ्या पट्ट्या आधी दोनच्या जोडीत, मग तीनच्या. दोनच्या जोडीतली डावीकडची, ती काळी एक. तिथे अंगठा ठेव." मुलीची बोटं जोडी आणि तिकडी चाचपत अचूक पोचायची. गंमत अशी की डोळस मुलांचीही चूक कमी झाली. इतके दिवस ती पट्टी बघून दाबायची, आता ओळखून दाबू लागली.

त्याच खोलीत तबला शिकवणाऱ्या गुरुजींकडे कल्याणचा एक मुलगा येऊ लागला. कानाला यंत्र लावूनही त्याला थोडंच ऐकू यायचं. गुरुजींनी आधी हात टेकले, मग त्याचा तळवा डग्ग्याच्या कडेला टेकवला आणि स्वतः 'धा' वाजवला. घुमारा तळव्यातून कोपरापर्यंत गेला. त्याला त्यांनी त्रिताल हातावर शिकवला: सोळा मात्रा, पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, नववीला हात उघडा म्हणजे खाली, तेरावीला पुन्हा टाळी. आपल्या संगीतानं ताल पूर्वीच डोळ्यांना दिसेल असा मांडून ठेवला आहे, गुरुजींना तो नव्यानं काही बनवावा लागला नाही. मुलाची सम चुकली की गुरुजी त्याच्या डोळ्यांसमोर बोट नाचवून 'पुन्हा' दाखवायचे. ठाण्याचा एक स्वमग्न मुलगा तंबोऱ्याच्या आवाजानं कान झाकून घ्यायचा. त्याच्यासाठी बाईंनी तंबोऱ्याचा आवाज अगदी लहान केला आणि आज काय काय होणार याची चित्रं ओळीनं भिंतीवर लावली. काय येणार हे आधी कळलं की तो शांत बसायचा. सूर त्याचा इतका पक्का होता की दुसऱ्या कोणाचा घसरला तर सगळ्यांत आधी तोच अस्वस्थ व्हायचा.

सगळेच खूश होते असं नाही. एक वडील बाईंना भेटायला आले. माणूस वाईट नव्हता, मुलीच्या परीक्षेची काळजी होती. म्हणाले, "बाई, तुमचं काम पुण्याचं आहे. पण या मुलांपायी आमची मुलं मागे पडतील. आणि परीक्षेत हे असं चालतं का? गांधर्वची परीक्षा म्हणजे काही खेळ नाही."

बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ज्या परीक्षेची काळजी करताय, तिचं मूळ कुणापाशी जातं ते ठाऊक आहे ना? पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे भाजले, नजर अधू झाली, शाळेचं शिक्षण थांबलं. तेव्हा त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. बुवांनी त्यांना दोन सुरांवर भागवलं असतं तर? ज्यांचे डोळे अधू होते त्यांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्यांना वाचणं कठीण होतं त्यांनी स्वरलिपी बसवली आणि गाण्याची पुस्तकं छापून घेतली, म्हणजे घराण्याबाहेरच्या सामान्य माणसालाही गाणं शिकता यावं. १९३१ साली ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापलं. अधू नजरेच्या एका विद्यार्थ्याला कोणीतरी पुरतं शिकवलं, म्हणून आज तुमची मुलगी परीक्षेला बसते आहे."

वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "माझी मुलगी हल्ली डोळे मिटून दुर्गा वाजवते. ते इथेच शिकली?"

"हो. कळव्याच्या मुलीकडून."

दीड वर्ष गेलं. पेटीवाला मुलगा प्रारंभिकच्या परीक्षेला बसला. बाईंनी केंद्राला आधीच कळवलं होतं: परीक्षा तळमजल्यावर व्हावी, चौरंग आणि पट्ट्याची पेटी आम्ही आणू, वेळ थोडा जास्त लागेल. केंद्रानं ते मान्य केलं. मुलगा आत गेला. बाई आणि आई बाहेर बसल्या.

परीक्षक वयानं मोठे, मनानं हळवे होते. मुलानं मिटलेली मूठ पट्ट्यात घातली, डाव्या हातानं दुर्गा सुरू केला आणि ते बघून त्यांचे डोळे भरले. राग संपला तसे ते म्हणाले, "शाबास बाळा. बस, एवढं पुरे. जा तू."

मुलगा जागचा उठला नाही. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला, पण तो बोलला. "सर... पलटे राहिले. माझ्या आधीच्या मुलाला... विचारलेत. मलाही विचारा."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग सरळ बसून, बाकीच्यांशी बोलत होते त्याच आवाजात म्हणाले, "ठीक. तीन-तीन स्वरांचा पलटा वाजव. दुगुनीत."

मुलानं वाजवला. वर जाताना नीट झाला, उतरताना एक स्वर गळला.

"धैवत सुटला," परीक्षक म्हणाले. "पुन्हा."

मुलानं दीर्घ श्वास घेतला, भात्याला पुरता दम दिला आणि पुन्हा वाजवला. या वेळी धैवत जागेवर होता. परीक्षकांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मुलगा बाहेर आला तो हसतच. "आई! धैवत सुटला... म्हणाले!"

आई घाबरली. "चुकलं का रे? गुण कापले असतील?"

"कापले असतील की," मुलगा म्हणाला. त्याला इतका आनंद ठाण्याच्या एकाही टाळीनं झाला नव्हता. बाईंना तो समजला. परीक्षेचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण आज पहिल्यांदा कोणा परक्या माणसानं त्याच्या मुठीऐवजी त्याच्या धैवताकडे लक्ष दिलं होतं.

निकाल आला. मुलगा पास झाला. गुण पहिल्या वर्गाला थोडे कमी पडले. ज्या वडिलांनी तक्रार केली होती त्यांच्या मुलीला त्याच्यापेक्षा जास्त मिळाले, आणि मुलानं तिला लगेच बजावलं, की पुढच्या परीक्षेला बघून घेईन. बाईंनी दोघांनाही पेढा दिला आणि पुढच्या अभ्यासाची वही उघडली.

तात्पर्य: अपंग विद्यार्थ्याला शिकवताना दोन वाटा समोर येतात. एकीत धडा कमी केला जातो, दुसरीत धड्याकडे जायचा रस्ता बदलला जातो. पहिली वाट सोपी, आणि बाहेरून ती मायेची दिसते. पण धडा कमी करणाऱ्यानं मनात आधीच ठरवलेलं असतं की हे मूल इथवरच येणार. रस्ता बदलणाऱ्याला कष्ट पडतात. गंजलेली कडी शोधावी लागते, खोली तळमजल्यावर आणावी लागते, आपली वर्षानुवर्षांची सवय पाखडून बघावी लागते. तो हे कष्ट घेतो, कारण मूल पुरतं शिकेल अशी त्याची खात्री असते. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी एके काळी पेटी बदलली, तिच्यातून उत्तम संगीत जन्माला आलं आणि त्याला कोणी उपकार म्हटलं नाही. मिटलेल्या मुठीसाठी, न दिसणाऱ्या डोळ्यांसाठी, कमी ऐकणाऱ्या कानांसाठी केलेला बदलही तसाच समजावा. वाद्य बदलावं, बैठक बदलावी, शब्द बदलावेत, वेळ वाढवावा. सुराची अपेक्षा मात्र सगळ्यांकडून सारखी ठेवावी, आणि सूर चुकला तर कोणालाही, अगदी कोणालाही, निर्धास्तपणे म्हणावं: पुन्हा.